कोपा लिबर्तादोरेसची बाद फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की प्रश्नांची रांग लागते, आणि त्यातले निम्मे प्रश्न युरोपची चॅम्पियन्स लीग डोक्यात ठेवून विचारलेले असतात. तिथला हिशेब इथे लावला की गल्लत ठरलेली. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या या फुटबॉल स्पर्धेचे नियम टेबलावर बसून कमी आणि काहीतरी विपरीत घडल्यावर जास्त बनले आहेत. त्यामुळे बऱ्याच उत्तरांत नियमामागचा किस्साही सांगावा लागला. सगळी उत्तरं २०२५ च्या स्पर्धेपर्यंतची आहेत.

१. बाद फेरीत किती संघ असतात आणि एकूण सामने किती होतात?

गटसाखळीत ३२ संघ असतात, चार-चारांचे आठ गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात, म्हणजे १६. तिथून उपउपांत्यपूर्व फेरी (हा शब्द एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला आमचा नमस्कार), उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम सामना. पहिल्या तीन फेऱ्यांत प्रत्येक जोडी दोनदा खेळते, एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या. अंतिम सामना मात्र एकच. बेरीज २९ सामने. तिसऱ्या क्रमांकासाठी सामना नसतो.

ब्राझीलमध्ये या टप्प्याला ‘माता-माता’ म्हणतात. आपल्या कानाला ते भलतंच भक्तिभावाचं वाटतं, पण पोर्तुगीजमध्ये ‘मातार’ म्हणजे ठार मारणे.

२. वेळापत्रकात बुधवार लिहिलंय, पण बुधवारी रात्री टीव्ही लावला तर काहीच नाही. असं का?

कारण तुमच्यासाठी तो सामना गुरुवारचा आहे. ब्राझील (म्हणजे रिओ, साओ पाउलो), अर्जेंटिना आणि उरुग्वे आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहेत. तिथले संध्याकाळी ७ म्हणजे आपले पहाटे ३:३०, आणि तिथले रात्री ९:३० म्हणजे आपले सकाळी ६. लिमा, कीटो आणि बोगोता साडेदहा तास मागे. २०२५ चा अंतिम सामना लिमात शनिवारी दुपारी ४ ला होता. आपल्याकडे तेव्हा रविवार सुरू होऊन अडीच तास झाले होते. साडेनऊचा सामना त्यातल्या त्यात सोयीचा. दूध आणून, चहा टाकून बसता येतं.

३. जोड्या कशा ठरतात? प्रत्येक फेरीआधी सोडत काढतात का?

नाही, सोडत एकदाच. पॅराग्वेतल्या लुके शहरात कॉनमेबॉलचं, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाचं, मुख्यालय आहे. गटसाखळी संपल्यावर तिथे दोन भांडी ठेवतात, एकात आठ गटविजेते, दुसऱ्यात आठ उपविजेते. एकातला एक, दुसऱ्यातला एक अशा जोड्या लागतात. त्याच वेळी अंतिम सामन्यापर्यंतचा सगळा मार्ग पक्का होतो. म्हणजे तुमचा संघ उपांत्य फेरीत कोणाकोणाशी भिडू शकतो, हे तुम्ही त्याच दिवशी कागदावर आखू शकता.

२०१६ पर्यंत सोडत नव्हती. सर्वात चांगल्या गटविजेत्यासमोर सर्वात कमकुवत उपविजेता, असा सरळ हिशेब होता. तो कसा अंगाशी आला ते प्रश्न १० मध्ये.

४. दुसरा सामना आपल्या घरी कोणाला मिळतो?

गटसाखळीतल्या कामगिरीवरून सगळ्या १६ संघांना मानांकन मिळतं. गटविजेत्यांना १ ते ८, उपविजेत्यांना ९ ते १६. जोडीतला वरचा संघ परतीचा सामना स्वतःच्या मैदानावर खेळतो. हे मानांकन उपांत्य फेरीपर्यंत तसंच राहतं. म्हणूनच आधीच पात्र ठरलेले संघही गटातला शेवटचा सामना जीव तोडून खेळताना दिसतात. एका गोलाने मानांकन दोन पायऱ्या सरकतं आणि ऑक्टोबरमधली रात्र रिओऐवजी ब्युनोस आयरिसमध्ये काढावी लागते.

५. पण घरचा दुसरा सामना खरंच एवढा मोलाचा असतो का?

दोन्ही बाजूंनी दाखले आहेत, आणि दोन्ही २०२५ चेच. उपांत्य फेरीत इक्वेडोरच्या एलडीयू कीटोने पाल्मेरासला ३-० असं लोळवलं. आठवडाभराने साओ पाउलोत पाल्मेरासने ४-० ने हिशेब उलटा केला. पहिला सामना साओ पाउलोत असता तर हे जमलं असतं असं आम्हाला वाटत नाही.

आणि तरी त्या वर्षी करंडक उचलला फ्लामेंगोने. ते गटात दुसरे आले होते, त्यामुळे इंटरनॅसिओनाल, एस्तुदिआन्तेस आणि रेसिंग या तिघांविरुद्ध परतीचा सामना परक्या मैदानावर. एस्तुदिआन्तेसविरुद्ध तर गोलबेरीज बरोबरीत सुटून पेनल्टीपर्यंत गेली. म्हणजे फायदा खरा, पण हमी नव्हे.

६. एकाच देशाचे किंवा एकाच गटातले संघ समोरासमोर येऊ शकतात का?

येऊ शकतात, अगदी पहिल्या फेरीपासून. २०२४ मध्ये बोताफोगो आणि पाल्मेरास हे दोन ब्राझिलियन संघ अंतिम १६ मध्येच भिडले. बोका ज्युनियर्स आणि पाल्मेरास २०१८ मध्ये एका गटात होते आणि उपांत्य फेरीत पुन्हा भेटले.

मधली दहा वर्षं मात्र वेगळी होती. २००५ चा अंतिम सामना साओ पाउलो विरुद्ध आत्लेतिको पारानाएन्से आणि २००६ चा इंटरनॅसिओनाल विरुद्ध साओ पाउलो. दोन्ही वर्षी घरातलंच भांडण. त्यावर तोडगा म्हणून २००७ पासून नियम आला: एका देशाचे दोन संघ उपांत्य फेरीत पोचले तर त्यांनी तिथेच आपसात निकाल लावायचा. २०१७ पासून तो गेला आणि पुढच्याच वर्षी अंतिम सामना लागला रिव्हर प्लेट विरुद्ध बोका (प्रश्न ९). नियम थोडा आणखी टिकला असता तर कॉनमेबॉलचा बराच मनस्ताप वाचला असता.

७. परक्या मैदानावरचा गोल दुप्पट मोलाचा असतो ना?

आता नाही. हा नियम इथे २००५ मध्ये आला आणि २०२२ च्या स्पर्धेपासून रद्द झाला. गोलबेरीज समान असेल तर परक्या मैदानावर कोणी किती मारले हे पाहिलं जात नाही.

पण जुने सामने पाहताना नियम लक्षात ठेवा, नाहीतर अर्धं नाट्य निसटेल. २०१३, बेलो होरिझोन्ते, उपांत्यपूर्व फेरीचा परतीचा सामना. आत्लेतिको मिनेरोने मेक्सिकोत तिहुआनाशी २-२ बरोबरी केलेली, घरी १-१ चालू. बाहेरच्या दोन गोलांवर मिनेरो पुढे. भरपाई वेळेत तिहुआनाला पेनल्टी मिळते. गोल झाला तर मिनेरो बाहेर. रिआस्कोस धावत येतो, गोलरक्षक व्हिक्टर उजवीकडे झेपावतो, चेंडू मधोमध येतो, आणि हवेत मागे राहिलेला डावा पाय त्याला लागतो. त्या पायामुळे गावात व्हिक्टरला संतपद मिळालं. मिनेरोने तो करंडक जिंकला, उपांत्य आणि अंतिम दोन्ही वेळा ०-२ च्या पिछाडीवरून पेनल्टीवर.

आणखी एक मेख. अंतिम फेरीत हा नियम तेव्हाही लागू नव्हता. २००८ मध्ये एलडीयूने कीटोत फ्लुमिनेन्सेला ४-२ हरवलं, रिओच्या माराकाना स्टेडियमवर फ्लुमिनेन्सेने ३-१ ने परतफेड केली. बेरीज ५-५. नियम लागू असता तर बाहेर दोन गोल करणारा फ्लुमिनेन्से विजेता ठरला असता. पण पेनल्टी घ्याव्या लागल्या, गोलरक्षक सेवायोस भिंतीसारखा उभा राहिला आणि करंडक पहिल्यांदा इक्वेडोरला गेला. फ्लुमिनेन्सेच्या तिआगो नेवेसने त्या रात्री हॅटट्रिक केली होती, तीही वाया.

८. बेरीज बरोबरीत सुटली तर जादा वेळ खेळवतात का? आणि खरंच एखादा संघ एकही सामना न जिंकता अंतिम फेरीत गेला होता?

उपांत्य फेरीपर्यंत जादा वेळ नाही. ९० मिनिटं संपली, बेरीज समान, की थेट पेनल्टी. अंतिम सामन्यात मात्र आधी ३० मिनिटांचा जादा वेळ आणि मगच पेनल्टी. चॅम्पियन्स लीगच्या सवयीने सर्वात जास्त चकवणारा नियम हाच.

याचा पुरेपूर उपयोग कोणी केला असेल तर २०२३ च्या बोकाने. नासिओनालशी ०-० आणि २-२. रेसिंगशी ०-० आणि ०-०. पाल्मेरासशी ०-० आणि १-१. सहा सामने, सहा बरोबऱ्या, तीन शूटआउट आणि गोलात सर्जिओ रोमेरो. बाद फेरीत एकही विजय नसताना स्वारी अंतिम सामन्यात! तिथेही ९० मिनिटांअखेर १-१ होती. पण तो अंतिम सामना, त्यामुळे जादा वेळ आला, आणि ९९ व्या मिनिटाला फ्लुमिनेन्सेच्या जॉन केनेडीने गोल मारून बोकाला पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत पोचूच दिलं नाही. गोलाच्या आनंदात तो प्रेक्षकांत शिरला, दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि बाहेर गेला. विजयी गोल करून ज्याला मैदान सोडावं लागलं अशा माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

९. अंतिम सामना एकच का? आणि तो दक्षिण अमेरिकेबाहेर, माद्रिदमध्ये कसा काय झाला होता?

२०१८ पर्यंत अंतिम फेरीही दोन सामन्यांची होती. पुढच्या वर्षीपासून तटस्थ ठिकाणी एकच सामना घ्यायचा हे आधीच ठरलं होतं. म्हणजे दोन सामन्यांची ही शेवटची अंतिम फेरी, आणि तिच्यात रिव्हर आणि बोका. एकाच शहरातले, शंभर वर्षांचं वैर. कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे सामने पाहिलेल्याला वेगळं समजवायला नको. फक्त ते कैक पटींनी मोठं करून बघा.

बोकाच्या बोम्बोनेरा मैदानावरचा पहिला सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला, २-२ सुटला. परतीचा सामना २४ नोव्हेंबरला रिव्हरच्या मोनुमेंतालवर. स्टेडियमजवळच्या वळणावर बोकाच्या बसवर दगड-बाटल्यांचा मारा झाला, काचा फुटल्या, कर्णधार पाब्लो पेरेसच्या डोळ्याला इजा झाली. प्रेक्षक तासन्‌तास बसून राहिले, सामना त्या दिवशी पुढे ढकलला, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढकलला. शेवटी ९ डिसेंबरला तो झाला स्पेनमध्ये, रिआल माद्रिदच्या बेर्नाबेऊवर. जादा वेळेत रिव्हर ३-१. दक्षिण अमेरिकेला स्पेनच्या राज्यातून सोडवणाऱ्या मुक्तिदात्यांचं नाव या स्पर्धेला आहे. तिचा निकाल लागला स्पेनच्या राजधानीत. यावर तिथल्या लोकांनी काढलेले टोमणे अजून संपलेले नाहीत.

२०१९ चा पहिला एकेरी अंतिम सामना सांतियागोत ठरला होता, पण चिलीतल्या आंदोलनांमुळे लिमाला हलवावा लागला. ठिकाण आधीच ठरत असल्याने कधी ‘तटस्थ’ हा शब्द नावापुरताच उरतो. २०२३ चा सामना माराकानावर होता, आणि माराकाना हे फ्लुमिनेन्सेचं घरच.

१०. सामना मध्येच बंद पडला किंवा अपात्र खेळाडू खेळवला तर काय होतं?

निकाल मैदानावर न लागता कॉनमेबॉलच्या शिस्तपालन समितीत लागतो. दोन नमुने.

२०१५ मध्ये बोकाने गटातले सहाच्या सहा सामने जिंकून पहिलं मानांकन मिळवलं. रिव्हर रडतखडत सोळावं. प्रश्न ३ मधल्या जुन्या पद्धतीमुळे हेच दोघे समोरासमोर. पहिला सामना रिव्हरने १-० जिंकला. बोम्बोनेरावर ०-० असताना मध्यंतरानंतर रिव्हरचे खेळाडू मैदानात येण्याच्या फुगवलेल्या बोगद्यात कोणीतरी तिखट फवारा मारला. खेळाडू डोळे धूत बसले, सामना थांबला तो थांबलाच. बोका स्पर्धेतून बाद, आणि सोळावं मानांकन असलेला रिव्हर पुढे करंडक जिंकूनच थांबला.

दुसरा २०१८ चा. सांतोसने इंदिपेंदिएन्तेविरुद्ध कार्लोस सांचेसला उतरवलं, पण त्याची बंदी बाकी होती. मैदानावरची ०-० बरोबरी कागदावर ०-३ झाली. परतीच्या सामन्यात सांतोसच्या संतापलेल्या प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की तोही अर्धवट राहिला, आणि सांतोस बाहेर.

११. उंचीवरची मैदानं म्हणजे अन्याय नाही का?

ला पाझ सुमारे ३,६०० मीटरवर आहे, कीटो २,८५० वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं तरी ला पाझ वरच. विरळ हवेत चेंडू जोरात जातो, कमी वळतो, आणि समुद्रसपाटीवरून आलेल्याला तासाभरात धाप लागते. पण एवढा फायदा असूनही बोलिव्हियाच्या एकाही क्लबने करंडक जिंकलेला नाही. कारण परतीचा सामना खाली येऊन खेळावाच लागतो. आम्हाला विचाराल तर हा अन्याय नव्हे, भूगोल आहे.

१२. स्टेडियम लहान असेल तर घरचा सामना हिरावला जातो का?

हो. फेरी पुढे सरकते तशी किमान आसनक्षमतेची अट वाढते. अंतिम फेरी घरच्या मैदानांवर होत असे तेव्हा ही अट ४०,००० ची होती. २००५ मध्ये आत्लेतिको पारानाएन्सेचं मैदान तेवढं नव्हतं. कुरितिबाचा हा संघ आपला ‘घरचा’ अंतिम सामना पोर्तो आलेग्रीत जाऊन खेळला. १-१ झाली, आणि परतीला साओ पाउलोने ४-० ने धुतलं. अंतिम सामना एकेरी झाल्यापासून तिथे हा वाद उरलेला नाही.

१३. आधी म्हणे दोनऐवजी तीन सामने व्हायचे?

१९८७ पर्यंत अंतिम फेरीत गोलबेरीज नव्हे, विजय मोजत. दोघांनी एकेक जिंकला की तिसरा सामना तटस्थ ठिकाणी. १९८१ चं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. फ्लामेंगोने चिलीच्या कोब्रेलोआला रिओत २-१ हरवलं, सांतियागोत ०-१ हरले, आणि २३ नोव्हेंबरला मोंतेव्हिदेओत २-० ने जिंकले. फ्लामेंगोचे चारही गोल एकट्या झिकोचे. हाच झिको २०१४ ते २०१६ एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. फातोर्ड्याच्या मैदानाकडेला हातवारे करणाऱ्या त्या माणसाला ज्यांनी पाहिलंय, त्यांनी लिबर्तादोरेसचा इतिहासच पाहिलाय. फ्लामेंगोचा दुसरा करंडक ३८ वर्षांनी आला, तारीख तीच, २३ नोव्हेंबर.

१४. अंतिम १६ मध्ये हरलेला संघ कोपा सुदामेरिकानात जातो का?

नाही. सुदामेरिकाना ही खंडातली दुय्यम क्लब स्पर्धा, आणि ती सोय फक्त गटात तिसऱ्या आलेल्यांना. बाद फेरीत हरलात की थेट घरी.

१५. जुलैत खेळाडू युरोपला गेला तर बदली घेता येतो?

येतो. बाद फेऱ्यांआधी यादीत ठरावीक बदल करता येतात. पण खरा प्रश्न बदली कोण मिळतो हा आहे. २०२५ च्या गटसाखळीत पाल्मेरासकडे एस्तेव्हाओ होता, ऑगस्टमध्ये बाद फेरी सुरू होईपर्यंत तो चेल्सीचा झाला होता. गटातला संघ आणि बाद फेरीतला संघ नावाने एक, माणसांनी वेगळे, हे इथलं जुनं दुखणं आहे.

१६. सारखे ब्राझीलचेच क्लब का जिंकतात?

२०१९ ते २०२५ सातही करंडक ब्राझीलचे, आणि त्यातले पाच अंतिम सामने दोन ब्राझिलियन संघांतले. मुख्य कारण पैसा. प्रक्षेपण हक्क आणि प्रायोजक यांत बाकीचे देश त्यांच्या जवळपासही नाहीत, त्यामुळे अर्जेंटिना, उरुग्वे, कोलंबियातले चांगले खेळाडूही तेच उचलतात. शिवाय जागा जास्त. ब्राझीलला ७, अर्जेंटिनाला ६, बाकी आठ देशांना ४-४. २०२४ चा विजेता बोताफोगो तर पात्रता फेऱ्यांतून आला होता, आणि अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटात ग्रेगोरीला लाल कार्ड मिळून दहा जण उरले, तरी आत्लेतिको मिनेरोला ३-१ हरवलं. देशांच्या यादीत आता अर्जेंटिना आणि ब्राझील २५-२५ वर आहेत. क्लबांत मात्र इंदिपेंदिएन्तेचे सात करंडक अजून कोणाला गाठता आलेले नाहीत.

१७. विजेत्याला काय मिळतं?

२०२४ च्या अंतिम सामन्याच्या विजेत्याला २.३ कोटी डॉलर मिळाले. आधीच्या फेऱ्यांची रक्कम वेगळी. शिवाय पुढच्या वर्षी थेट गटसाखळीत प्रवेश, सुदामेरिकानाच्या विजेत्याशी ‘रेकोपा’ करंडकाची लढत, आणि फिफाच्या आंतरखंडीय करंडकात जागा.

१८. मेक्सिकोचे क्लब पूर्वी खेळायचे. ते जिंकले असते तर?

१९९८ ते २०१६ ते पाहुणे म्हणून होते आणि पाहुण्यांसाठी अटी वेगळ्या होत्या. मेक्सिकोचा क्लब अंतिम फेरीत आला तर परतीचा सामना नेहमी दक्षिण अमेरिकेतच, मानांकन काहीही असो. जिंकले तरी क्लब विश्वचषकाची जागा हरलेल्या दक्षिण अमेरिकन संघाला.

सर्वात विचित्र प्रसंग २००९ चा. स्वाइन फ्लूमुळे ग्वादालाहारा आणि सान लुईस यांच्याविरुद्धचे अंतिम १६ चे सामने होऊच शकले नाहीत, दोघे बाहेर पडले. भरपाई म्हणून २०१० मध्ये त्यांना गटसाखळी न खेळता सरळ अंतिम १६ मध्ये जागा दिली, आणि त्यासाठी आठ गटांतले सहाच उपविजेते पुढे नेले. त्या आयत्या जागेवरून ग्वादालाहारा अंतिम फेरीपर्यंत गेला. घरी इंटरनॅसिओनालकडून १-२, पोर्तो आलेग्रीत २-३. क्लब विश्वचषकाचं तिकीट इंटरनॅसिओनालला पहिल्या सामन्याआधीच मिळालेलं होतं.